थोरला भाऊ : पालवणकर बाळू यांची आठवण



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा कुणी काय लिहायचं याची बैठकीत वाटणी झाली. एकाने विहाराच्या बांधकामाचा इतिहास घेतला, महिला मंडळाने आपला अहवाल घेतला. मी म्हटलं, मी पालवणकर बाळूंवर लिहीन. त्यावर मागे बसलेला एक तरुण म्हणाला, "हे कोण?" आणि पुढच्या खुर्चीवरचे एक वडीलधारे गृहस्थ जरा जोरातच म्हणाले, "ते होय? ते तर बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले होते!"

दोन्ही वाक्यं ऐकून मला वाटलं, आता तर लिहायलाच पाहिजे. तरुणाला माणूसच ठाऊक नाही, आणि वडीलधाऱ्यांना त्या माणसाची ऐंशी वर्षांच्या आयुष्यातली एकच गोष्ट ठाऊक आहे. ती गोष्ट खरी आहे, मी ती लपवणार नाही. पण तिच्याआधी साठ वर्षं आहेत. ती साठ वर्षं सांगितल्याशिवाय ती एक गोष्टसुद्धा नीट कळायची नाही.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म धारवाडचा, १८७५-७६च्या सुमाराचा. मूळ गाव कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालवण, म्हणून पालवणकर. जात चांभार. वडील लष्करात नोकरीला होते. आपल्यापैकी कितीतरी घरांचा इतिहास असाच सुरू होतो. गाव सुटलं ते पलटणीमुळे, आणि पलटणीमुळेच चार अक्षरं आणि महिन्याचा पगार दिसला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच. फरक इतकाच की रामजींच्या मुलाच्या हाती पुस्तक आलं आणि बाबाजींच्या मुलांच्या हाती चेंडू. गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेलं जुनंपानं सामान घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळायला शिकले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे हे चार भाऊ. चौघेही पुढे मोठे क्रिकेटपटू झाले आणि चौघेही हिंदू संघातून खेळले. एका घरातून चार! पण वाट पाडली ती थोरल्याने.

वाट कशी पाडली ते ऐका. बाळूंची पहिली नोकरी पुण्यात, पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. पगार महिना ३ रुपये. काम काय, तर मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये. रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळ्या ठोकायच्या, आणि साहेबांना सराव हवा असेल तर चेंडू टाकायचा. या शेवटच्या कामातून गोलंदाज घडला. डावखुरे बाळू संथ गतीने चेंडू टाकत आणि दोन्ही बाजूंना वळवत. वळण कुठलं येणार हे हातावरून फलंदाजाला कळायचं नाही. क्लबातले जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नावाजलेले फलंदाज. तेही बाळूंना तासन् तास चेंडू टाकायला लावत. ग्रेगसाहेब बाद झाले की दर खेपेला बाळूंना आठ आणे देत, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट आहे, खरीखोटी कोण ठरवणार? पण रोज सर्वांत चांगल्या फलंदाजाला चेंडू टाकून टाकून बाळूंचा हात तयार झाला, हे मात्र खरं.

आणखी एक खरं. एवढी वर्षं बाळू त्या जाळ्यांत राबले, पण बॅट काही त्यांच्या हाती कुणी दिली नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडाजीवन' नावाचं आत्मचरित्र लिहिलं, ते १९४८ साली निघालं. त्यात त्यांनी ही खंत नोंदवली आहे. फलंदाजी ही साहेबांची आणि बड्या लोकांची, गोलंदाजी ही नोकरांची! चेंडू टाकणं म्हणजे श्रम, आणि श्रम करायचे ते आपण.

इथे जरा थांबून एक सांगतो. २००१ साली 'लगान' सिनेमा आला. त्यातला अस्पृश्य गोलंदाज कचरा आपल्या सगळ्यांना आठवतो. कचरा हा बाळूंवरूनच घेतला, असं पुष्कळ जण म्हणतात. असेल. पण सिनेमातल्या कचराच्या हाताला व्यंग आहे आणि त्या व्यंगामुळे चेंडू आपोआप वळतो. मला ते काही रुचलं नाही. बाळूंचा चेंडू आपोआप वळत नव्हता. रोलर ओढून झाल्यावर, त्याच दुखऱ्या खांद्याने, वर्षानुवर्षं टाकून टाकून तो वळायला लागला होता. आपल्या माणसाच्या अंगचं कसब दिसलं की ते दैवाच्या खात्यावर मांडायचं, ही सवय जुनीच आहे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं, आणि त्यासाठी बाळू हवे होते. पण घ्यायचं कसं? यावर पुष्कळ खल झाला. तेलुगू सभासद म्हणाले घ्या, स्थानिक ब्राह्मण सभासद कचरले. शेवटी बाळूंना घेतलं. मैदानावर चेंडू सगळेच हाताळत. बाळूंच्या हातचा चेंडू झेलताना कुणाला विटाळ झाला नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर उभं राहून मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की फेकून द्यायच्या भांड्यात. हातपाय धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात, आपल्याच समाजातल्या नोकराने आणून दिलेल्या पाण्याने. जेवायला पान वेगळं, मेज वेगळं.

चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ साली. त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधीची ही गोष्ट. पाण्याचा प्रश्न मैदानावरही होताच.

मग साताऱ्याचा सामना आला. सातारा जिमखाना हा गोऱ्यांचा. बाळूंच्या फिरकीचा धसका घेऊन त्यांनी आपली खेळपट्टी कित्येक दिवस रोलर फिरवून दगडासारखी करून ठेवली. उपयोग झाला नाही. बाळूंनी ७ बळी घेतले आणि पुण्याच्या हिंदूंनी सामना जिंकला. त्यानंतर बाळूंची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्याला परतल्यावर सत्कार झाला, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी स्वतः त्यांच्या गळ्यात हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा रोखठोक सवालही रानड्यांनी संघातल्या मंडळींना केला. पुढे टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला. हत्तीवरून उतरल्यावर मात्र चहा कुठल्या भांड्यातून मिळाला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे पुण्यात प्लेगची साथ आली. त्या सुमारास बाळू मुंबईला आले. काही काळ पलटणीत, मग रेल्वेच्या नोकरीत. त्याबरोबर परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. शिवरामही आले. मुंबई ही पुण्यापेक्षा जरा मोकळी. जिमखान्याने या दोघा भावांना आत घेतलं आणि सर्वांबरोबर जेवायला बसवलं. १९०६च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंचे बळी पहिल्या डावात ३, दुसऱ्यात ५. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं! 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने त्यावर अग्रलेख लिहिला, आणि विजयापेक्षा अधिक कौतुक या गोष्टीचं केलं की दोन चांभार बंधूंना हिंदूंनी आपल्यात घेतलं. कौतुक ठीकच आहे. पण जरा उलटं धरून बघा. सामना कुणी जिंकून दिला, आणि पाठ कुणाची थोपटली?

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. त्यात पारशी, हिंदू, मुसलमान असे सगळे होते, आणि हिंदूंमध्ये बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ होते. महाराजसाहेबांचं लक्ष बरंचसं राज्याभिषेकाच्या समारंभांत आणि मेजवान्यांत. ते सामने थोडेच खेळले. बाळूंचं वय पस्तिशीचं, खांदा दुखावलेला. भारतीय संघ एकामागून एक सामने हरत होता. दौऱ्याचे २३ सामने झाले, त्यांत जिंकले ६, हरले १५. आणि अशा दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८. लॉर्ड्सवर एम.सी.सी.विरुद्ध ४. लीस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११, आणि दौऱ्यातला पहिला विजय मिळाला तो तिथेच. त्यानंतर सॉमरसेटविरुद्ध शिवराम नाबाद ११३ धावा करून उभे राहिले आणि सामना एका विकेटने जिंकून दिला. संघ महाराजांच्या नावाचा, पण त्याची लाज राखली ती पलटणीतल्या एका चाकरमान्याच्या दोन पोरांनी.

पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधला त्यांचा सगळा हिशेब असा : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. ज्याला क्रिकेटचं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगतो, दर पंधरा धावांमागे एक गडी. आजच्या पोरांनी आपापल्या आवडत्या फिरकी गोलंदाजाची सरासरी काढून बघावी.

इंग्लंडहून बोट परत आली तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा मोठा सत्कार केला. मानपत्र दिलं. ते मानपत्र लिहिलं होतं एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बैठकीतल्या त्या वडीलधाऱ्यांना मी एवढंच सांगू शकलो असतो, पण तेव्हा सुचलं नाही. बाबासाहेब तेव्हा बी.ए.सुद्धा झाले नव्हते. अमेरिका, लंडन, महाड, येवला, सगळं पुढे होतं. त्यांच्याआधी आपल्या समाजातला ज्याचं नाव साऱ्या हिंदुस्थानात आणि विलायतेत गेलं असा माणूस म्हणजे बाळू. तरुण भीमरावांना त्यांचा केवढा अभिमान होता! पुढेही कित्येक वर्षं तो टिकला. मुंबई महापालिकेत बाळूंना जागा मिळावी म्हणून पुढे बाबासाहेबांनी प्रयत्नही केले होते.

आता घरातल्या भावांची गोष्ट. मला स्वतःला या सगळ्या चरित्रात ती सर्वांत मोलाची वाटते.

हिंदू संघात बाळूंना जेवायला बसवलं हे वर आलंच. पण कप्तानी? वर्षामागून वर्षं गेली. सर्वांत ज्येष्ठ खेळाडू बाळू, सर्वाधिक बळी बाळूंचे, पण कप्तान मात्र दुसराच. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले. भल्या मनाचा गृहस्थ. आपल्याच सत्काराच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं की हा मान खरं तर बाळूंचा होता. ते एवढं बोलले हे त्यांचं मोठेपण. पण बोलण्याने कप्तानी मिळत नसते.

१९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी कळस झाला. पै पहिल्या सामन्याला नव्हते. निवड समितीने बाळूंना संघातूनच वगळलं. कप्तानीसाठी विठ्ठलचा हक्क होता, तोही डावलून पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना कप्तान केलं. देवधर मोठे खेळाडू, त्यांच्याबद्दल वाद नाही, पण ते विठ्ठलपेक्षा कनिष्ठ. त्यावर शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि वृत्तपत्रांत निवेदन दिलं. आम्ही तथाकथित अस्पृश्य जातीत जन्मलो म्हणून आम्हाला ही वागणूक मिळते आहे आणि स्वाभिमान सोडून आम्ही खेळणार नाही, असा त्याचा मथितार्थ. त्या काळात हे छापून आणायचं म्हणजे छातीच पाहिजे. मूकनायक याच वर्षी, जानेवारीत निघाला होता. मुंबईची हवा तापत होती.

मला त्यातली भावाभावांची गोष्ट फार लागते. थोरल्याला वगळलं, म्हणून धाकटे बाहेर पडले. थोरल्याने चार रुपयांवर रोलर ओढला होता, त्या रोलरखालची वाट धाकटे विसरले नव्हते. आपल्या वस्तीत आज एका भिंतीवरून दोन सख्खे भाऊ कोर्टात जातात, त्यांना हे वाचायला द्यावं.

गाजावाजा झाला. अंतिम सामन्यापूर्वी पै परत आले, कप्तान झाले, आणि पालवणकर बंधूंना सन्मानाने परत बोलावलं. बाळूंना उपकप्तान केलं. पारशांविरुद्धच्या त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळात संघाची सूत्रं बाळूंच्या हाती आली. पंचेचाळिशीला टेकलेला तो माणूस गोलंदाज बदलतो आहे, क्षेत्ररक्षक हलवतो आहे, आणि ब्राह्मण, प्रभू, सारस्वत त्याच्या हाताच्या खुणेवर जागा बदलतात. थोडाच वेळ. पण तो वेळ आला. बाळूंची मोठ्या सामन्यांतली कारकीर्द तिथेच आटोपली.

आणि १९२३ साली हिंदू संघाचा कप्तान झाला विठ्ठल पालवणकर. अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवलं. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन नाचवलं. ज्या घराला मातीच्या भांड्यात चहा मिळत होता, त्या घरातल्या धाकट्याच्या हाताखाली देवधर खेळले. विठ्ठल १९२६पर्यंत कप्तान होते, आणि १९२५ व १९२६ला हिंदू पुन्हा जिंकले. थोरल्याला जे आयुष्यभर नाकारलं ते धाकट्याने मिळवलं, म्हणून काहींना वाटतं की बाळूंची हौस फिटली. मी तसं म्हणणार नाही. भावाचा मान हा भावाचा, आपला तो आपला. बाळूंचा मान थकलेलाच राहिला.

आता त्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो.

१९३२च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांचा जातीय निवाडा जाहीर झाला. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत भांडून मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ त्यात होते. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबरला प्राणांतिक उपोषण सुरू केलं. पुढचे चार दिवस बाबासाहेबांवर केवढं ओझं होतं ते आपण जाणतोच. त्या वेळी मद्रासचे एम. सी. राजा आणि मुंबईचे बाळू हे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. त्या करारावर बाबासाहेबांची सही आहे, राजांची आहे, आणि पी. बाळू अशीही सही आहे.

बाळू त्या बाजूला का गेले? मला जे वाटतं ते मी सांगतो, कुणाला पटेल कुणाला नाही. बाळूंचं सगळं आयुष्य संयुक्त मैदानावर गेलं होतं. अपमान सोसून, पण आत राहून, इंच इंच जागा मिळाली असा त्यांचा अनुभव. बाहेर बसवलं, मग आत बसवलं, मग भावाला कप्तान केलं. हिंदू समाज हळूहळू का होईना बदलतो, असं त्यांना मनापासून वाटत असणार. बाबासाहेबांचा हिशेब निराळा. एका घराला तीस वर्षांत, तेही घरातला माणूस हजारांत एक असताना, जे मिळालं, ते लाखो घरांना कधी मिळणार? ज्याला चेंडू वळवता येत नाही त्याने काय करायचं? या प्रश्नाला बाळूंच्या आयुष्यात उत्तर नव्हतं. बाबासाहेब बरोबर होते, हे मी इथे विहारात बसून म्हणतो म्हणून नाही, पुढच्या इतिहासानेच ते दाखवलं.

चांभार आणि महार या दोन समाजांतला दुरावाही त्यात होता. तो आपण झाकायचं कारण नाही. काँग्रेसने तो नेमका हेरला. १९३५च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं तेव्हा बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. आणि १९३७च्या निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेवर बाबासाहेबांसमोर काँग्रेसने बाळूंनाच उभं केलं. ज्याने १९११ला मानपत्र लिहिलं तो एका बाजूला, ज्याला ते मिळालं तो दुसऱ्या बाजूला. मतदारसंघ संयुक्त, म्हणजे सवर्णांची मतंही होतीच. पुणे करारात नेमकी हीच भीती होती. निकाल लागला : बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा.

अकरा हजार मतं. काँग्रेसचं वारं होतं, पैसा होता, सवर्णांची मतं होती, सगळं मान्य. पण त्यांतली काही मतं तरी त्या माणसांची असतीलच ना, ज्यांनी लहानपणी मैदानाच्या कुंपणावर चढून बाळूंचा चेंडू वळताना पाहिला होता? माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराने मला एकदा सांगितलं होतं, "मत साहेबांना दिलं. पण हात जोडले ते बाळूला पण जोडले." त्यांचं ते वाक्य मला कुठल्याही ठरावापेक्षा खरं वाटतं.

निवडणुकीनंतर बाळू फारसे पुढे आले नाहीत. ते गेले ४ जुलै १९५५ रोजी, मुंबईत. वयाची ऐंशी गाठत आली होती. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला तो १४ ऑक्टोबर १९५६ला, म्हणजे त्यानंतर पंधरा महिन्यांनी. बाळू असते तर आले असते का? बहुधा नसते आले. त्यांचा देव वेगळा, त्यांची वाट वेगळी. ते बौद्ध नव्हते, आणि त्यांना मरणोत्तर बौद्ध करून घेण्याचा उद्योग मला करायचा नाही.

मग विहाराच्या स्मरणिकेत ते कशाला, असं ते वडीलधारे पुन्हा विचारतील. त्यांना मी मानपत्राची तारीख दाखवीन. बाबासाहेबांनी आपल्या विरोधकाशी राजकारणात दयामाया केली नाही. पण त्या माणसाच्या अंगचं कसब आणि त्याने आपल्या समाजाला दिलेली ताठ मान त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. ती त्यांनी पुसली नाही. मग आपण कोण पुसणार?

बैठक संपल्यावर 'हे कोण' विचारणारा तो तरुण माझ्याबरोबर खाली आला. विहारामागच्या मोकळ्या जागेत पोरं टेनिसच्या चेंडूने खेळत होती. एक डावखुरा पोरगा, दहा-अकरा वर्षांचा असेल, चेंडू सोडताना मनगट असं काही फिरवत होता की समोरचा फलंदाज दोनदा चकला. तरुण म्हणाला, "काका, याला बॅटिंग कोणी देत नाही. नुसता बॉलिंगलाच ठेवतात." मी त्या पोरांच्या कप्तानाला हाक मारली आणि सांगितलं, पुढची पाळी याची. कप्तानाने कुरकुर केली, पण बॅट दिली. पहिल्याच चेंडूला तो त्रिफळाचीत झाला. सगळी पोरं हसली, तोही हसला, आणि बॅट काही लवकर सोडेना.